शंभर वर्षं जुनी ऑस्टिन सेव्हन घरच्या गॅरेजमध्ये दुरुस्त होते, फक्त एका पार्टवर विश्वास ठेवायचा नाही

बीएमडब्ल्यूची पहिली कार मुळात तिची स्वतःची नव्हतीच. ती होती इंग्लंडची ऑस्टिन सेव्हन, लायसन्सवर बनवलेली.

कंपनीचं संचालक मंडळ एवढ्या छोट्या गाडीला तयार नव्हतं. मग हर्बर्ट ऑस्टिनने स्टॅनले एज या १८ वर्षांच्या पोराला घरी बोलावलं आणि बिलियर्ड्सच्या खोलीत बसवून तिची ड्रॉइंग्ज करून घेतली. १९२२ मध्ये गाडी आली, १९३९ पर्यंत बनत राहिली.

घरात जन्मलेली ही गाडी ब्रिटनमधले हौशी लोक आजही घरीच खोलतात. इंजिन जेमतेम ७४७ सीसीचं, दोन माणसं उचलून बाहेर काढतात. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. शिवाय गाड्या लाखांच्या घरात बनल्या, त्यामुळे बरेच पार्ट आजही नवे मिळतात.

मग अडतं कुठे? क्रँकशाफ्टवर.

पिस्टनच्या वर-खाली हालचालीतून चाकं फिरवणारी ताकद तयार करणारा हा दांडा. चार सिलिंडरच्या इंजिनात त्याला मध्येही आधार लागतो. ऑस्टिनने पैसे वाचवायला तो फक्त दोन टोकांना दिला. (मधला आधार आला तो थेट १९३६ मध्ये.) त्यामुळे वेगात दांडा मध्ये लवतो, वर्षानुवर्षं लवून लवून त्याला केसासारखी चीर पडते. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. एके दिवशी चालत्या गाडीत दांडा तुटतो आणि कधीकधी अॅल्युमिनियमचा क्रँककेसही घेऊन जातो.

म्हणून जाणकार रंग, सीट, हेडलाइट सगळं बाजूला ठेवून आधी दांडा चुंबकीय तपासणीला पाठवतात. शंका आली तर सरळ नवा घेतात. 'ओरिजिनल' पार्टचा हट्ट इथे चालत नाही.

दुसरी खोड ऑइलची. दोन बारीक जेट क्रँकशाफ्टवर ऑइलची पिचकारी मारतात. त्यांत कचरा अडकला की बेअरिंग गेलंच. सुदैवाने बाहेरचे प्लग काढून पातळ तारेने ते साफ करता येतात.

एवढं करून गाडी सुरू झाली, तरी पहिल्या दिवशी ती बेडकासारखी उड्या मारते. दोष दुरुस्तीत नसतो. तिचा क्लच पेडल अगदी जरासाच हलतो, तेवढ्यात तो लागतो किंवा सुटतो.