नकार पचवणारा उमराव

खुनी कोण हे ठाऊक असताना रहस्यकथा पुन्हा पाहावी का? आमच्या घरात यावर नेहमी वाद होतो. ‘पाहावी’ या पक्षात मी एकटाच. पुरावा म्हणून मी लॉर्ड पीटर विम्झीला उभा करतो.

डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेनं १९२३ साली हा उमराव-डिटेक्टिव्ह जन्माला घातला. ड्यूकचा धाकटा भाऊ, एका डोळ्याला भिंग, दुर्मिळ पुस्तकांचा नाद आणि हाताशी बंटर नावाचा हरहुन्नरी सेवक. बीबीसीनं १९७२ ते १९७५ या काळात त्याच्या पाच कादंबऱ्या पडद्यावर आणल्या. विम्झी झाले होते इयन कारमायकल. त्यांची मिस्कील बडबड ऐकून मला प्रथम वाटलं, पोटापाण्याची चिंता नसलेल्या माणसाला खून म्हणजे करमणूकच!

पुढे कादंबऱ्या वाचल्या आणि कळलं, ती बडबड हा मुखवटा आहे. पहिल्या महायुद्धानं हा माणूस मनानं पार मोडला होता. बंटर हा तेव्हाचा त्याचा सार्जंट. त्या काळी इंग्लंडमध्ये खुनाला फाशी होती. आपल्या हुशारीमुळे कुणीतरी दोराला लटकणार, हा विचार विम्झीला झोपू देत नाही.

१९८७ साली बीबीसीनं आणखी तीन कादंबऱ्या घेतल्या. या वेळी विम्झी होते एडवर्ड पेदरब्रिज आणि हॅरिएट व्हेनच्या भूमिकेत हॅरिएट वॉल्टर. हॅरिएट स्वतः रहस्यकथा लिहिणारी. पूर्वीच्या प्रियकराला विष घातल्याचा तिच्यावर आरोप. विम्झी तिला फाशीपासून वाचवतो, लग्नाची मागणीही घालतो. ती नकार देते. एकदा नव्हे, वर्षानुवर्षं.

हे पाहताना माझी आई वैतागली. ‘‘जीव वाचवला, माणूस चांगला आहे, घरचं बरं आहे. मग हिचं अडलंय कुठं?’’

‘‘आजी, उपकार फेडायला कुणी लग्न करतं का?’’ माझी मुलगी म्हणाली.

आई गप्प झाली. थोड्या वेळानं म्हणाली, ‘‘आम्हाला विचारलंच नव्हतं गं कुणी.’’

तिसरी कथा ऑक्सफर्डमधल्या स्त्रियांच्या कॉलेजात घडते. सेयर्सबाई स्वतः तिथंच शिकल्या. शिक्षण संपलं १९१५ला. पण ऑक्सफर्डनं स्त्रियांना पदव्या देणं सुरू केलं ते १९२०मध्ये. या कथेत खूनच नाही. प्रश्न एवढाच, की बुद्धी गहाण न टाकता बाईला संसार करता येईल का? विम्झी तिच्याकडे बरोबरीच्या माणसाकडे पाहावं तसं पाहतो, हे पटल्यावरच हॅरिएट होकार देते.

मालिका संपली. आई उठली नाही.

‘‘तो शेवटचा भाग परत लाव बरं,’’ ती म्हणाली.

आता आमच्या घरात माझ्या पक्षात दोघं आहेत.