सॉल्टस्ट्राउमेनचे भोवरे

नॉर्वेत, आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला, बोडो शहराजवळ सॉल्टस्ट्राउमेन नावाची चिंचोळी सामुद्रधुनी आहे. लांबी सुमारे ३ किलोमीटर, रुंदी जेमतेम १५० मीटर. एका अंगाला समुद्राकडे उघडणारा फ्योर्ड, दुसऱ्या अंगाला डोंगरांत कोंडलेला फ्योर्ड. भरती आली की बाहेरची पातळी चढते, पण आतला फ्योर्ड तेवढ्या वेगाने भरत नाही. दोन्हीकडच्या पाण्यात मीटरभरापर्यंत फरक पडतो आणि सहा तासांत सुमारे ४० कोटी घनमीटर पाणी या फटीतून घुसतं. ओहोटीला हेच उलट. आधी पाणी ताणल्यासारखं गुळगुळीत दिसतं, मग कडेला फेसाची रेघ उमटते, ती वळते आणि मधोमध खळगा खोल होत जातो. मोठा भोवरा १० मीटर रुंद भरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर हे पाणी विलक्षण रौद्र होतं. भांगाच्या दिवसांत जरा निवतं.

हवामानही यात हात घालतं. वायुदाब १ हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण १ सेंटिमीटर फुगतो. म्हणूनच वादळात भरती-ओहोटीच्या वेळापत्रकातला आकडा आणि प्रत्यक्ष पाणी जुळत नाही. प्रवाह उलटताना पाणी थोडा वेळ थबकतं, बोटी तेवढ्यात पार होतात. तिकडे जाणार असाल, तर भरतीची वेळ आधी पाहून ठेवा.