शुगर निघाली म्हणून भाकरी सोडू नका! डायटिशियन ताटाकडे कसं बघतात, समजून घ्या

रिपोर्टमध्ये शुगर निघाली की आपल्याकडे पहिली शिक्षा ताटाला होते. भात बंद, केळी बंद, बटाटा बंद. शेजारीण सांगते भाकरी पण सोड. व्हॉट्सअॅपवर कुणीतरी व्हिडिओ टाकतं की चपाती म्हणजे विष. आठ-दहा दिवस नेटानं चालतं. मग भावकीत लग्न निघतं, पंगतीत जिलेबी वाढली जाते, एक खाल्ली की मन म्हणतं, "आता मोडलंच आहे, तर होऊन जाऊ दे." रात्री पश्चात्ताप, आणि सोमवारपासून पुन्हा सगळं बंद. बऱ्याच घरांत हे वर्षानुवर्षं चालू आहे. शुगर मात्र जिथल्या तिथं.

म्हणूनच पहिल्यांदा डायटिशियनकडे, म्हणजे आहारतज्ज्ञाकडे गेलेला माणूस जरा गोंधळतो. तो "काय काय बंद करू?" असं विचारायला गेलेला असतो. समोरून उलटे प्रश्न येतात. सकाळी उठल्यावर पहिलं काय पोटात जातं? रानात जाताना डबा असतो का? जेवता कुणाबरोबर? टीव्हीसमोर की ताटासमोर? आणि खाल्ल्यावर मनाला कसं वाटतं? हा शेवटचा प्रश्न ऐकून लोक हसतात. पण खाण्याशी आपलं नातं बिघडलंय की नाही, ते त्याच्या उत्तरातून कळतं.

बंदी घातली की मन तिथंच जातं

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धामुळे उपासमार झालेल्या लोकांना परत धडधाकट कसं करायचं, हे शोधायचं होतं. हे तरुण स्वतःहून तयार झाले होते, तब्येतीनं चांगले होते. त्यांना जवळपास सहा महिने निम्म्या जेवणावर ठेवलं.

वजन साधारण पाव हिश्श्यानं घटलं, ते अपेक्षितच होतं. पण त्यांच्या डोक्यात दिवसरात्र जेवणच घोळू लागलं. ताटं चाटून पुसून खायचे. काहीजण तर स्वयंपाकाची पुस्तकं जमवायला लागले. चिडचिड वाढली, माणसं उदास झाली. नंतर जेवण मोकळं केल्यावर पोट भरलं तरी काहींचं खाणं थांबेना. ही माणसं काही आधीपासून खादाड नव्हती. उपाशी ठेवलेलं शरीर असंच वागतं.

आणि त्यांचं ते 'निम्मं' जेवण म्हणजे दिवसाला साधारण १५७० कॅलरी होतं. आपल्या मोबाईलवर फिरणारे 'महिन्यात दहा किलो' वाले चार्ट बरेचदा याहूनही कमीचे असतात. ते मोडले की आपण स्वतःला दोष देतो, "माझ्यात कंट्रोलच नाही."

पुढे १९९५ मध्ये एव्हलिन ट्रिबोली आणि एलिस रेश या दोन अमेरिकन आहारतज्ज्ञांनी याच मुद्द्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अन्नाला 'चांगलं' आणि 'पापाचं' अशा दोन खात्यांत टाकू नका, भूक लागली की खा, पोट भरल्याची खूण ओळखून थांबा. याचा अर्थ वाट्टेल ते खा असा कुणी काढू नये. पुरणपोळी खाल्ली म्हणजे गुन्हा केला, ही भावना काढून टाकली की माणूस दीड पोळीवर थांबू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. लपून खाणारा थांबत नाही.

आधी घालायचं, काढायचं नंतर

समजा पंचेचाळीशीतली एक बाई आहे. सकाळी नुसता चहा, अकराला दुसरा चहा, दुपारी दोनला तीन भाकरी आणि रस्सा, संध्याकाळी चहा-बिस्कीट, रात्री नऊनंतर भात. नुकतीच शुगर निघाली आहे. व्हिडिओवाला म्हणेल भाकरी-भात बंद कर. डायटिशियन बहुतेक वेगळं सांगेल. सकाळी कामाला लागण्याआधी मोड आलेल्या मटकीची उसळ किंवा एखादं अंडं पोटात जाऊ दे. दुपारी भाकरी राहू दे, पण दोन. आणि नुसत्या रश्श्याऐवजी मेथी, चवळी, शेपू अशी घट्ट भाजी, सोबत डाळ, काकडी-कांदा, वाटीभर ताक. पोट भरलेलं राहिलं की संध्याकाळचा बिस्किटाचा पुडा आपोआप अर्ध्यावर येतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये नव्यानं आहारविषयक मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातही हेच आहे: दिवसभरात जे खातो त्यातला निम्मा वाटा भाज्या आणि फळांचा असावा, उरलेल्यात धान्य, डाळी, दूध, अंडी, शेंगदाण्यासारख्या गोष्टी. आपल्या ताटात नेमकं उलटं असतं. भाकरी-भाताचा डोंगर आणि भाजी चवीपुरती. दोष भाकरीचा नाही, मापाचा आहे. ज्वारी चांगली म्हणून चार-चार भाकरी खाल्ल्या तर शुगर वाढणारच.

गुळाचंही तसंच. साखर सोडून गुळाचा चहा सुरू केला की लोकांना वाटतं पथ्य झालं. रक्तातली शुगर वाढवायला गूळ साखरेइतकाच तयार असतो. त्यापेक्षा हिशोब करा: दिवसाला पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे दहा चमचे साखर. जवळपास ४०-५० ग्रॅम. लग्नातल्या जिलेबीची धास्ती घेणाऱ्यांना हे रोजचं दिसत नाही. चहा तोडा असं कुणी म्हणत नाही. कप कमी करा, चमचा अर्धा करा, महिनाभरात जीभ वळते.

उपवासाचं तर विचारूच नका. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आपल्या लोकांनी आधीच सांगून ठेवलंय. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ, त्यात प्रथिनं नावालाच. शेंगदाण्याचं कूट आणि सोबत दही असेल तर जरा बरं. राजगिरा, भगर, एखादं फळ असा उपवास धरला तर श्रद्धाही राहते आणि पोटही.

शेवटी जेवणाऱ्या बाईचं काय?

खाण्याशी नातं म्हटलं की शहरात वजनाची चर्चा होते. आपल्या गावात आधी हा प्रश्न विचारायला पाहिजे. सगळ्यांना वाढून झाल्यावर ती जेवते, तेव्हा भाजीचा तळ उरलेला असतो. मग चटणी-भाकरी. आणि पोरांच्या ताटात उरलेलं टाकवत नाही म्हणून तेही भूक नसताना खाते. म्हणजे हवं ते मिळत नाही आणि नको ते पोटात जातं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त महिलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. हा आकडा ताटापर्यंत नेऊन बघा.

उपाय फुकटातला आहे: सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि भांडी मध्ये ठेवायची. ते जमणार नसेल तर तिची वाटी आधी काढून ठेवायची. पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगी जास्त लागतं. जेवल्याबरोबर चहा घेतला की उलटं होतं, म्हणून तासभर थांबावं. आणि "किती खातेस", "किती सुटलीस" हे टोमणे बंद. लाज वाटून कुणाचं वजन उतरत नाही, खाणं फक्त चोरून होतं.

लहान मुलांच्या बाबतीत एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी साधी वाटणी करून दिली आहे. काय, कधी आणि कुठं खायचं हे आई-बापानं ठरवायचं. किती खायचं आणि खायचं की नाही, हे पोरानं. आपल्याकडे आजीला हे पटणं अवघड. पण मोबाईल दाखवून कोंबलेल्या घासानं पोराला स्वतःची भूकच कळेनाशी होते. निरोगी मूल एक वेळ कमी जेवलं तर पुढच्या वेळी भरून काढतं. वजन वाढत नसेल किंवा मूल मलूल असेल तर मात्र अंगणवाडीत वजन करून डॉक्टरांना दाखवायचं.

इथं मनानं काही करू नका

शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना अचानक भाकरी-भात सोडणं किंवा कडक उपवास धरणं धोक्याचं आहे. औषध आपलं काम करत राहतं आणि शुगर खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, चक्कर येते, माणूस असंबद्ध बोलतो. शुद्धीवर असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. किडनीचा त्रास, गरोदरपण, टीबी यातही ऐकीव चार्ट चालत नाही.

कुणी जेवण जवळपास सोडलंय, लपून भरमसाट खातंय किंवा खाऊन मुद्दाम उलटी करतंय असं दिसलं, तर तो हट्ट समजू नका. तो आजार असू शकतो. डॉक्टरांना दाखवा, बोलायला १४४१६ हा सरकारी टेली मानस क्रमांक फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो.

आहारतज्ज्ञ जिल्हा रुग्णालयात भेटतात. ते लांब पडत असेल तर ग्रामीण रुग्णालयात बीपी-शुगर तपासणी होते तिथं विचारा, पुढं कुठं जायचं ते सांगतील. पावडरचा डबा विकणारा 'वेलनेस कोच' म्हणजे आहारतज्ज्ञ नव्हे. शिक्षण विचारायला लाजू नका. जाताना रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि तीन दिवस काय खाल्लं त्याची वही न्या. खरं लिहा, चहाचे कप आणि येता-जाता तोंडात टाकलेले शेंगदाणे धरून.