पाक वाट बघत नाही

साखरेच्या माळा ओतायच्या खोलीत लिंबू न्यायचं नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम. सरबताचा पेला हातात घेऊन एखादा पाहुणा दारात आला तरी काकी त्याला ओट्यावरच बसवतात. त्याला ते सोवळं वाटतं. खरं कारण पाकात आहे. गुलाबजामच्या पाकात आपण लिंबू पिळतो ते साखर परत बसू नये म्हणून. आंबटामुळे साखरेचा काही भाग फुटतो, त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि हे दोन्ही पाकात असले की उरलेली साखर दाणा धरत नाही. माळेचं सगळं आयुष्यच दाण्यावर. दाणा धरला नाही तर साच्यात माळ न होता डिंक होतो.

हा नियम एका रात्रीच्या नुकसानीतून आला. सणाची कामं म्हणून शेजारच्या एका काकूंनी आमची पितळी कढई मोठ्या मायेनं चिंचेनं घासून लखलखीत करून दिली. काठाच्या खोबणीत चिंचेचा कोळ राहिला असावा. त्या रात्रीचा घाण काही केल्या बसेना. पळीनं घोटून घोटून आण्णांचे खांदे भरून आले, पाक आपला काचेसारखा स्वच्छ. शेवटी पहाटे त्यात शेंगदाणे पडले आणि पाडव्याच्या आधीच घरात चिक्की झाली. काकूंना आम्ही हे कधी सांगितलं नाही. चिक्की मात्र त्यांच्याकडे डबाभर पोचवली.

वारणानगर म्हटलं की लोकांना कारखाना आठवतो, दूध संघ आठवतो. तात्यासाहेब कोरे यांनी १९५०च्या दशकात या माळावर सहकारी साखर कारखाना उभा करायला घेतला, १९६८ साली दूध संघाची नोंदणी झाली, आणि पुढं वारणेचं श्रीखंड कोल्हापूर-सांगलीत पाडव्याच्या ताटात जाऊन बसलं. ताटातलं श्रीखंड आणि गुढीवरची साखर, दोन्ही याच मातीतली. पण माळा कुठला कारखाना करत नाही. त्या आमच्यासारख्या घरांत, मागच्या सोप्यात, शिवरात्रीपासून पाडव्यापर्यंत ओतल्या जातात. कारखान्याचा गळीत हंगाम उतरणीला लागतो, उसाच्या फडातल्या टोळ्या परतीची भाषा बोलू लागतात, तेव्हा आमचा हंगाम चढाला लागलेला असतो.

काम रात्रीच करायचं. मार्चमधली दुपार तापलेली असते, भट्टीपुढं माणूस टिकत नाही आणि साचे लवकर थंड होत नाहीत. साचे सागवानी, लांब पट्टीचे. पट्टीत एका ओळीत फुलं, चकत्या, शंकरपाळ्याचे चौकोन कोरलेले, मधोमध मोठं पदक, आणि या सगळ्यांना जोडणारी दोऱ्याची खोबण. ओतण्याआधी ते पाण्यात भिजत पडलेले असतात. कोरड्या लाकडाला साखर चिकटते आणि सोडवताना फुलाच्या पाकळ्या साच्यातच राहतात. भिजवून, निथळवून, पुसून घ्यायचे. पाणी राहिलं तर माळेच्या तोंडावर देवीचे व्रण उठतात, असं काकी म्हणतात. खोबणीत दोरा ताणून बसवला की साचा तयार.

पाकाला साखर बुडेल एवढंच पाणी. उकळी फुटली की थोडं दूध सोडायचं. दुधातली प्रथिनं गोठतात आणि साखरेतला बारीक मळ धरून वर येतात. ती मळी झाऱ्यानं काढली की खालचा पाक नितळ. मग तो आटत जातो. एक तार, दोन तार, आणि पुढं पाण्यात थेंब टाकला तर मऊ गोळी वळते. थर्मामीटर लावला तर ११५ अंशांच्या आसपास दिसेल. आमच्याकडे तो कधी लागला नाही. आण्णा बुडबुड्यांचा आवाज ऐकतात. पाणी जास्त असताना पाक खळखळतो, आटला की तोच बुडबुडा दमानं, जड फुटतो.

खरी परीक्षा कढई उतरवल्यावर. खोलीतल्या तापमानाच्या लिटरभर पाण्यात जेमतेम दोन किलो साखर विरघळून राहते. उकळत्या पाण्यात तीच पाच किलोंच्या जवळ जाते. आटलेल्या पाकात तर त्याहून कितीतरी जास्त साखर कोंडलेली असते आणि बाहेर पडायला निमित्त शोधत असते. पळीनं कढईच्या कडेला पाक घासायचा, ते निमित्त. घासताना बारीक दाणे जन्मतात, पाकाला पांढरी झाक येते, दुधासारखी वळणं दिसायला लागतात. त्या घडीला ओतलं तर माळ. थोडं आधी ओतलं तर साच्यात चिकट राहते. थोडं उशिरा, तर पळीतच दगड. आण्णांचं एकच वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकलं आहे: “पाक वाट बघत न्हाई गा, आपुन बघायची.”

त्या दोन-तीन मिनिटांत घरात कुणी बोलत नाही. फोन वाजला तरी वाजू द्यायचा. एक जण ओततो, एक साचे पुढं सरकवतो, एक मागून सांडलेले थेंब सुरीनं उडवतो. दहा-पंधरा मिनिटांनी साचा पालथा धरून हलकेच ठोकला की अख्खी माळ एका आवाजात सुटते. तो आवाज नीट आला की आण्णा पुढच्या घाणाला हात घालतात.

आमच्या सोप्यात येऊन बसणाऱ्यांत एक मामा होते. नात्यानं मामा नव्हेत, पण सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणायची. साखर कारखान्यात पॅनवर आयुष्य काढून निवृत्त झालेले. पॅन म्हणजे उसाचा आटवलेला रस साखरेला येतो ते बंद भांडं. तिथं हवा खेचून घेतलेली असते, म्हणून रस साठ-सत्तर अंशांवरच उकळतो आणि साखर करपत नाही. त्यात बारीक साखरेचं बी सोडतात आणि दाणा हळूहळू मोठा करत नेतात. दर थोड्या वेळानं सळईनं नमुना बाहेर काढायचा, काचेच्या पट्टीवर पसरायचा, उजेडाला धरायचा आणि दाणा सारखा वाढतोय का ते बघायचं, हे मामांचं काम.

पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी आण्णांना पळी घासताना बघितलं आणि म्हणाले, “हे तर आमचंच काम. तुम्ही फक्त व्हॅक्यूम लावला न्हाई.” आण्णांना ते टोचलं. कारखान्यातल्या माणसानं आपल्या हातकसबाला हसावं, असं त्यांना वाटलं. पण मामा हसत नव्हते. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पळीतला पाक काचेच्या बशीवर ओढला, बल्बखाली धरला आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “दाणा बारीक आन् एकसारखा हाय. आमच्यात असा नको असतो, आम्हाला मोठा लागतो. पण तुमची माळ तुटणार न्हाई.” त्या दिवसापासून आण्णा त्यांच्या पुढ्यात बशी ठेवू लागले. मामांनी मान हलवली की ओतायचं. आण्णांना त्याची गरज नव्हती, हे आम्हाला माहीत होतं आणि मामांनाही. तरी बशी पुढं जायची. दोन्ही माणसांनी आयुष्यभर एकच गोष्ट ओळखली होती, साखर कधी वळते ती घडी. एकानं टनांत, दुसऱ्यानं कढईत.

साखर कुठली घ्यायची, यावरही त्यांचं एकमत होतं. कारखान्याच्या सभासदांना सवलतीत मिळणारी साखर पूर्वी बऱ्याच घरांतून आमच्याकडे यायची. “आमच्याच उसाची हाय, नातवाची माळ हिचीच करा,” असं सांगून लोक पिशवी ठेवून जात. त्या साखरेला किंचित पिवळसर छटा असली तर माळही तशीच येते. व्यापाऱ्याला ती चालत नाही. त्याला पांढरीशुभ्र हवी. गुऱ्हाळात गुळाचा रंग उजळायला हायड्रॉस टाकतात, तसं माळेतही टाकणारे आहेत. आमच्याकडे एका व्यापाऱ्यानं त्यासाठी आगाऊ पैसे पुढं केले होते. काकींनी ते परत केले. “ही माळ पोरं खात्यात,” एवढंच म्हणाल्या. मला काकींचं हे वागणं त्यांच्या सगळ्या कसबापेक्षा मोठं वाटतं. दूध घालून मळी काढली तर माळ पुरेशी पांढरी होते. त्याहून पांढरी साखर ज्याला हवी, त्यानं ती फक्त डोळ्यांसाठी घ्यावी.

सगळ्यात जास्त जीव लागतो तो तान्ह्या बाळांच्या माळांना. पहिल्या होळीला, पहिल्या पाडव्याला बाळाच्या गळ्यात साखरेची माळ घालायची पद्धत आमच्या भागात अजून घट्ट आहे. माळ आत्याकडून, आजोळाहून येते, आणि ती मोठ्या पदकाची लागते. पाडव्याच्या आदल्या रात्री, भट्टी विझवून आम्ही साचे धुवायला घेतले असताना एक मामा मोटारसायकलवरून आला. पुण्याहून थेट आलेला, भाच्याचा पहिला पाडवा, आणि माळ घ्यायची राहून गेलेली. गावात सगळीकडे संपलेल्या. आण्णांनी काही न बोलता पुन्हा गॅस पेटवला. एका माळेपुरता पाक करणं घाणभर पाकाहून अवघड असतं. थोडा पाक झटकन आटतो, झटकन बसतो, चुकायला जागाच राहत नाही. माळ साच्यातून सुटेपर्यंत तो माणूस उभाच होता. ती एवढी जड झाली की बाळाच्या गळ्यात फोटोपुरतीच राहिली असणार. तरी तो ती मांडीवर मुलासारखी धरून बसला होता आणि पुढं गाडी त्याच्या मित्रानं चालवली.

आता पाडव्याला आमच्या घरात भट्टीच्या जोडीला ओव्हनही पेटतो. माझी पुतणी गुढीच्या आकाराची बिस्किटं करते. कळकाची काठी, वर उपडा तांब्या, हिरवा खण, आणि साखरेच्या आयसिंगनं काढलेली इवलीशी माळ. गावाकडं बेकरीत बिस्किटं भाजून आणणं नवं नाही. मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचं आणि पत्र्याचा डबा भरून नानकटाई आणायची, हे आमच्या आयांनी केलंच आहे. नवं आहे ते आयसिंग. ते अंड्याच्या पांढऱ्या बलकात दळलेली साखर फेटून करतात आणि वाळलं की कडक होतं. पाडव्याच्या दिवशी अंडं म्हटल्यावर काकींनी कपाळाला हात लावला. मग पुतणीनं दुधात साखर घोटून बिनअंड्याचं केलं, तर ते नीट वाळेना, बोट लागलं की रेघ फिस्कटायची.

तेव्हा आण्णांनी तिला पळी घासायला बसवलं. गोळीबंद पाक निववून घोटला की त्यात इतका बारीक दाणा धरतो की जिभेला लागतही नाही. मऊ, पांढरा गोळा होतो. तो किंचित कोमट करून तिनं बिस्किटावर पसरला, आणि तो बसला. बेकरीवाले यालाच फॉन्डंट म्हणतात. त्या वर्षीपासून तिची बिस्किटं आणि आण्णांच्या माळा एकाच कढईतल्या पाकातून निघतात. काकी पहिलं बिस्कीट देवापुढं ठेवतात.

कर्नाटकात मैसूरकडे संक्रांतीला याच पद्धतीनं, लाकडी साच्यांत साखरेची चित्रं ओततात: पक्षी, तुळशीवृंदावन, फुलं. साचे तसेच भिजवायचे, पाक तसाच घोटायचा. पुतणीनं मोबाइलवर तो व्हिडिओ लावला तेव्हा आण्णा पडद्याजवळ जाऊन त्या बाईचा हात बघत होते. ओतायची घडी आली तशी त्यांनी “आत्ता” म्हटलं, आणि तिकडं त्या बाईनं ओतलं.

२०२० सालचा पाडवा २५ मार्चला होता. आदल्या रात्री आठ वाजता देशभर टाळेबंदी जाहीर झाली. आमच्या सोप्यात दोऱ्यांवर माळा टांगलेल्या, पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या, आणि बाजार बंद. गल्लीतल्या प्रत्येक दाराशी काकींनी एकेक माळ ठेवली, तरी ढीग उरला. लोक म्हणाले, साखरच आहे, परत वितळवा. ते इतकं सोपं नाही. एकदा आटलेली साखर पुन्हा पुन्हा तापवली की थोडीथोडी फुटत जाते, रंग धरते आणि दाणा धरायला कुचराई करते. नव्या साखरेत थोडी थोडी मिसळूनच ती चालवावी लागते. पुढं वळिवाचा पाऊस आला आणि हवेतल्या ओलीनं माळांना घाम फुटला. शेवटी त्या उन्हाळ्यात घरातला चहा, सरबत, आंब्याचा मुरंबा सगळं त्याच माळांवर झालं. गुलाबी चहा पिताना पोरं खूश होती. आण्णा मात्र त्या दिवसांत सोप्याकडे फिरकले नाहीत.

पुढच्या शिवरात्रीला त्यांनी साचे काढले, एकेक उजेडात धरून चिरा तपासल्या आणि पाण्यात टाकले.

माळ घेताना काय बघायचं, हे मला नेहमी विचारतात. सांगतो. मागची सपाट बाजू बघा. ती कोरडी, खडूसारखी हवी, काचेसारखी चमकणारी नको. बोटाला चिकटली तर पाक आधी ओतला गेला आहे. दोरा ओढून बघा, फूल फिरता कामा नये. मोडल्यावर टक्कन आवाज यावा आणि आत बारीक, एकसारखा दाणा दिसावा. फार डोळे दिपवणारी पांढरी असेल तर दुसरी मागा. आणि घेतलीत की प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, कागदात ठेवा. वळीव येईपर्यंत सहज टिकते.