तोडून ठेवलेली प्रत

नवी मुंबईतल्या नावडे नोडला लागून असलेल्या तळोजा औद्योगिक वसाहतीत रसायने, पोलाद, अभियांत्रिकी आणि मासळीप्रक्रिया यांचे लहानमोठे कारखाने आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचा ऐवज आज गोदामाइतकाच कार्यालयातील संगणकातही असतो: येणी-देणी, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, मिश्रणांची प्रमाणे, कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचे हिशेब. रॅन्समवेअर म्हणजे या ऐवजावर बाहेरच्याने ठोकलेले कुलूप होय. ही घातक आज्ञावली बनावट ईमेलमधून, कमकुवत पासवर्डमधून किंवा दुरुस्ती न केलेल्या जुन्या प्रणालीतून आत शिरते, फाइली कूटबद्ध करते, म्हणजे किल्लीवाचून वाचता येणार नाहीत अशा करून टाकते, आणि मग त्या किल्लीसाठी खंडणी मागते.

ज्या महामंडळाने तळोजा वसाहत वसवली, त्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावरच 21 मार्च 2021 रोजी असा हल्ला झाला आणि मुख्यालयासह प्रादेशिक कार्यालयांचे संगणकीय काम ठप्प झाले. 500 कोटी रुपयांच्या खंडणीच्या बातम्या तेव्हा छापून आल्या. हल्लेखोरांच्या पत्रात रक्कम नमूद नसल्याचे महामंडळाचे म्हणणे होते. त्या आकड्याचीच चर्चा अधिक झाली, परंतु महामंडळाच्या निवेदनातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळी होती: बॅकअप, म्हणजे माहितीच्या राखीव प्रती, जाळ्याच्या स्वतंत्र भागात ठेवलेल्या असल्याने त्यांना बाधा झाली नव्हती.

या वेगळेपणाचे मोल किती, हे तळोजातला निर्यातीचा माल ज्या बंदरातून जातो, त्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदराने त्याआधीच पाहिले होते. 27 जून 2017 रोजी नॉटपेट्या नावाची आज्ञावली युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून जगभर पसरली आणि मर्स्क या डॅनिश जहाजवाहतूक समूहाचे संगणक बंद पडले, त्याबरोबर या बंदरातले त्याच समूहाचे कंटेनर टर्मिनलही अडकले. ती खंडणी मागत असली तरी तिने कूटबद्ध केलेले पुन्हा उघडण्याची सोयच तिच्यात नव्हती. पैसे भरणाऱ्याच्याही हाती काही लागणार नव्हते. मर्स्कने पुढे सुमारे 45,000 संगणक आणि 4,000 सर्व्हर नव्याने उभे केले. मात्र त्यासाठी हवी असलेली एक मूलभूत नोंद, म्हणजे कोणत्या वापरकर्त्याला कुठे प्रवेश आहे हे ठरवणारी यादी, सुमारे दीडशे सर्व्हरांवर असूनही कुठेच शिल्लक नव्हती, कारण ते सर्व्हर सतत एकमेकांशी जुळवून घेत असत आणि म्हणून एकदमच बाधित झाले. वाचला तो घानामधला एकच सर्व्हर, आणि तोही कुणाच्या दूरदृष्टीने नव्हे, तर हल्ल्यापूर्वी वीज गेल्यामुळे त्याचा जाळ्याशी संबंध तुटला होता म्हणून. तिथली इंटरनेटची जोडणी इतकी मंद होती की ती यादी शेवटी डिस्कवर घेऊन, नायजेरियामार्गे, माणसांकरवी विमानाने इंग्लंडला न्यावी लागली.

वीज जाणे हा आपल्याकडे तक्रारीचा विषय आहे, पण त्या घटनेत वीज जाण्याने जे साधले तेच कारखानदाराने स्वतःच्या हाताने साधायचे असते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा रोजचा बॅकअप ज्या हार्ड डिस्कवर घेतला जातो ती संगणकाला अहोरात्र जोडलेली असेल, तर मूळ माहितीबरोबर तीही कुलूपबंद होते. क्लाउडवर आपोआप जुळणाऱ्या फोल्डरचेही तसेच, कारण बिघडलेली फाइलही तितक्याच इमानाने वर पोहोचते आणि जुन्या आवृत्त्या साठवण्याची सोय चालू नसेल तर चांगलीची जागा घेते. माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतील एक वास्तूबाहेर, हा प्रचलित नियम म्हणूनच अपुरा वाटतो. त्यात एक प्रत पूर्णपणे तोडलेली, किंवा ठरावीक मुदतीपर्यंत मालकालाही पुसता येणार नाही अशी, असावी लागते. रसायनांच्या वसाहतीत आगीची भीती असल्याने वास्तूबाहेरच्या प्रतीला तर दुहेरी कारण आहे. शिवाय घुसखोर अनेकदा कित्येक दिवस गप्प राहून मगच कुलूप ठोकतो, त्यामुळे कालचीच नव्हे तर गेल्या महिन्याचीही प्रत लागते, आणि बॅकअपचा पासवर्ड रोजच्या कामाच्या पासवर्डहून निराळा हवा.

कुलूप ठोकण्याआधी चोरलेली माहिती उघड करण्याच्या धमकीपुढे मात्र बॅकअप निरुपयोगी आहे. तो उपाय बंद पडलेले काम चालू करण्यापुरताच आहे. हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवणे 2022च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे, आणि त्याच वेळी बाधित संगणक जाळ्यापासून वेगळा करावा लागतो.

कधीही उघडून न पाहिलेली प्रत चालेलच, असे धरून चालता येत नाही. वार्षिक हिशेबतपासणी आटोपली की ती प्रत एखाद्या रिकाम्या संगणकावर उतरवून गेल्या वर्षीचे एक बीजक उघडून पाहावे, आणि त्याला किती तास लागले ते संगणकात नव्हे, वहीत लिहून ठेवावे.