सात पिढ्यांची वाट

पावसाळा लागला की भंडारदऱ्याला पर्यटकांची रीघ लागते. धरणाची भिंत, रंधा धबधबा, रस्त्याकडेला गरम चहा आणि भाजलेली कणसे. शनिवार-रविवारी त्या टपऱ्यांवर आमच्याच शाळेतली मुले राबताना दिसतात. सोमवारी त्यांतली एक-दोन वर्गात नसतात.

गेल्या वर्षी नववीतला एक हुशार मुलगा असाच यायचा बंद झाला. घरी गेलो, तर त्याची अम्मी म्हणाली, "सर, त्याच्या अब्बांचा हात मोडलाय. पोरगा रोज दोन-तीनशे रुपये आणतो. शाळेतून आज काय मिळणार?"

मला उत्तर सुचले नाही.

हा प्रश्न एका घरापुरता नाही. गरीब घरातल्या मुलाच्या वंशाला देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत पोहोचायला किती पिढ्या लागतात, याचा अंदाज 'ओईसीडी' या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१८ साली मांडला. डेन्मार्कमध्ये २, ब्रिटन-अमेरिकेत ५, भारतात ७, ब्राझीलमध्ये ९, कोलंबियात ११.

डेन्मार्कची मुले आपल्या मुलांपेक्षा जास्त हुशार असतात का? मुळीच नाही. तिथे दवाखान्याचा खर्च सरकार उचलते, विद्यापीठापर्यंतचे शिक्षण मोफत आहे, वर विद्यार्थ्याला सरकारकडून भत्ताही मिळतो. बापाचा हात मोडला तरी मुलाची शाळा मोडत नाही. आपल्याकडे घरावर आलेले प्रत्येक संकट आधी मुलाच्या दप्तरावर येते. सच्चर समितीने २००६ साली नोंदवले होते की, ६ ते १४ वयाची सुमारे २५ टक्के मुस्लिम मुले शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मध्येच गळाली होती.

मग आपल्या हातात काय आहे? पहिली गोष्ट, माहिती. आठवीत 'एनएमएमएस' ही शिष्यवृत्ती परीक्षा असते. सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांना ती देता येते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. फॉर्म शाळेमार्फतच भरला जातो. मुलगा किंवा मुलगी सातवीत गेली की मुख्याध्यापकांना जाऊन विचारा.

दुसरी गोष्ट, जकात. ती आपण रमजानमध्ये बहुधा थोडी थोडी अनेकांना वाटतो. तिचा एक हिस्सा एकाच गरजू घराला, अडचणीच्या महिन्यांत दिला तर?

त्या मुलासाठी मोहल्ल्यातल्या चौघांनी तेच केले. अब्बांचा हात बरा होईपर्यंत, तीन महिने, घरात किराणा भरला. कोण देते हे मुलाला कळू दिले नाही. चौथ्या दिवशी तो वर्गात हजर होता. आज तो दहावीत आहे.

सात पिढ्यांची वाट एका झटक्यात संपणार नाही. पण आपल्या गल्लीतले एक मूल या वर्षी शाळेतून गळू नये, एवढे तर आपण नक्कीच करू शकतो, इन्शाअल्लाह.