धान्यावरील बुरशी आणि यकृताचा कर्करोग

१९७४ सालच्या अखेरच्या दोन महिन्यांत राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांतल्या दीडशेहून अधिक खेड्यांत काविळीची एक विलक्षण साथ उद्भवली. रोग्यांच्या पोटात झपाट्याने पाणी साचे. ३९७ जणांना हा विकार जडला. त्यांपैकी १०६ दगावले. घरचे उष्टे खाणारी कुत्रीही त्याच विकाराने मेली. साथ आदिवासी कुटुंबांपुरतीच मर्यादित राहिली. त्यांचे मुख्य अन्न मका हे होते, आणि त्या वर्षी ऐन सुगीत अवकाळी पाऊस होऊन मका भिजला व बुरसटला होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील शास्त्रज्ञांना या मक्यात अफ्लाटॉक्सिन हे विष फार मोठ्या प्रमाणात आढळले.

या विषाचा शोध इंग्लंडमध्ये लागला होता. तेथे १९६० साली एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीवर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढलेली होती. तिच्याच नावावरून विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव पडले. तशी पेंड खाऊ घातलेल्या उंदरांच्या यकृतात पुढे कर्करोगाच्या गाठी आढळल्या.

विष एकदम पुष्कळ पोटात गेले, तर त्याचे परिणाम लपत नाहीत. खरा धोका आहे तो वर्षानुवर्षे पोटात जाणाऱ्या अल्प मात्रेचा. कारण तिने कावीळ होत नाही, की पोटही दुखत नाही. यकृत या विषाचा निचरा करू पाहते, परंतु त्या खटपटीतच त्याचे एक अधिक जहाल रूप तयार होते. ते पेशीतील आनुवंशिक द्रव्याला जाऊन चिकटते. पेशींच्या बेसुमार वाढीला आवर घालणाऱ्या जनुकातच असा बिघाड झाला, म्हणजे कर्करोगाची वाट मोकळी होते.

‘ब’ प्रकारच्या काविळीच्या विषाणूची जोड मिळाली, की हा धोका कितीतरी वाढतो. चीनमधील शांघाय येथे १८ हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या मूत्रात केवळ अफ्लाटॉक्सिनच्या खुणा होत्या, त्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका सुमारे तिप्पट होता. ज्यांना केवळ विषाणूची बाधा होती, त्यांना तो सातपट होता. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा मात्र तो सुमारे साठपट झाला.

भाजल्याने वा शिजविल्याने हे विष पुरते नष्ट होत नाही. बुरशी झटकून टाकली तरी विष दाण्यात उरते, आणि वरून स्वच्छ दिसणारा दाणाही निर्दोष असेलच असे नाही. म्हणून खरा उपाय स्वयंपाकघरात नसून खळ्यात आहे. पीक काढताच ते कडक वाळवावे. भुईमुगाचे सुरकुतलेले, रंग बदललेले व किडके दाणे निवडून काढावेत. धान्य ओल न लागेल अशा जागी, जमिनीपासून उंच ठेवावे. नवजात बालकास ‘ब’ काविळीची प्रतिबंधक लस दिली, म्हणजे धोक्याचे दुसरे कारणही दूर होते. मात्र ज्याच्या घरी मक्यावाचून दुसरे धान्यच नाही, तो भिजलेला मका टाकून देऊ शकत नाही. अशा घरापर्यंत कोरडे, निर्दोष धान्य पोहोचविणे हाही कर्करोगाच्या प्रतिबंधाचाच भाग होय.